आधी रीडर, मग संगणक, शेवटी कार्ड

नाही, नाही, ओळखपत्राचं कार्ड नको अजून. खिशातच राहू द्या ते. माझी रीत ठरलेली आहे – आधी कार्ड वाचणारा रीडर, मग संगणक, आणि अगदी शेवटी कार्ड. लोक नेमकं उलटं करतात. आल्या आल्या कार्ड नाकासमोर धरायचं – आइता, बघ गं, मेलं वाटतं हे. अहो, कार्ड इतक्या सहजासहजी मरत नाही. दहातल्या नऊ वेळा ते बिचारं ठणठणीत असतं आणि खोट असते तारेत. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो – ही घ्या. गिरणीचं घर घेतलं ते तुम्हीच ना? तुम्हीच असणार, फेब्रुवारीत या गावात नवा चेहरा दुसरा कुठून येणार. कोट काढा, भट्टी चांगली तापलीय. काय म्हणालात? सांगा, सांगा, पण जरा थांबा, आधी ही तार बघू दे.

हं. दिवा लागत नाही. आता या दुसऱ्या भोकात घालू – लागला. बघितलंत? एक भोक सैल झालंय तुमच्या संगणकाचं, एवढंच. पण दिवा लागला म्हणजे झालं असं नाही. आता संगणकाला विचारायचं, बाबा रे, तुला हा रीडर दिसतो का. आणि तो म्हणतोय – नाही दिसत. कारण तुमचा कार्डाचा प्रोग्राम आहे तीन वर्षांपूर्वीचा. अहो, तीन वर्षं उघडला नाही का कोणी हा संगणक? नवा उतरवून घ्यावा लागेल. घेते. वीस मिनिटं दाखवतोय – आमचं नेट असंच, जंगलातून येतं. तेवढ्यात कॉफी घ्या. हा वेलचीचा गोड पावही घ्या, मंगळवारचा आहे, पण कॉफीत बुडवला की मऊ होतो.

बोर्ड वाचलात तुम्ही बाहेरचा, वाचनालय म्हणून. आता महिनाभर वाचून घ्या, मग तिथे व्यायामशाळा येणार आहे. थट्टा नाही करत. एकोणीस वर्षं मी इथे आहे. पुस्तकं तर दिलीच, पण या गावात असा एक रीडर नाही जो मी बसवला नाही. छत्तीस घरं – घरोघर गेले मी, गुडघ्यावर बसून टेबलाखाली तारा ओढल्या. बँक, डॉक्टरची चिठ्ठी, जमिनीचा कर, मतदान – सगळं कार्डावर, आणि म्हाताऱ्यांना कार्ड म्हणजे काय ते ठाऊक नाही. एकेकाला शिकवलं. हा चार आकड्यांचा पिन आत शिरायचा, हा पाच आकड्यांचा सही करायचा. पहिला म्हणजे दारावर टकटक, दुसरा म्हणजे तुमचा हात, तुमचं नाव, तुमचा शब्द – तो कुणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. पिन टाकायची वेळ आली की मी खिडकीकडे तोंड करते. एकोणीस वर्षांत एकदाही मान वळवली नाही. या खिडकीतून दिसणारं ते बर्चचं झाड मला माझ्या हाताच्या रेषांसारखं पाठ आहे.

आणि शिकवून शिकवून काय झालं? तर आता सगळे घरी बसून सगळं करतात. मग वाचनालय कशाला, असं आमच्या गावप्रमुखाच्या डोक्यात आलं. काल्यू त्याचं नाव. भेटला असेल तुम्हाला, उंच, सदान्कदा हसणारा. पालिकेने सांगितलं, आम्ही आपणहून वाचनालय बंद करणार नाही, पण गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी सह्या करून मागितलं तर करू. मतदार सत्तावन्न. म्हणजे सह्या लागतात एकोणतीस. काल्यूने अर्ज केला, पाकिटात घातला, घरोघर ईमेलने धाडला. आणि माझ्याच हातांनी बसवलेल्या रीडरमध्ये कार्डं घालून लोकांनी मला घरी बसवायच्या अर्जावर सह्या केल्या. किती झाल्या असतील, सांगा. एकोणतीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. आज पाचला मुदत संपते. आता चार वाजून वीस झालेत.

काय? नाही, अजून अर्धा पण नाही उतरला. घाई आहे का तुम्हाला? नसेल, गिरणीच्या घरात काय घाई असणार.

बाकीच्यांचं मला काही नाही. खरंच नाही. तरुण मंडळींना व्यायामशाळा हवी, हवी तर हवी. पण बुधवारी पालिकेतल्या बाईंनी नियमाप्रमाणे ते पाकीट मला पाठवलं, सह्यांसकट. पाकीट म्हणजे – तुम्ही वापरता की नाही? – एकाच फाइलीत दोन-चार कागद घालता येतात, आणि सही एकदाच केली की सगळ्यांना लागते. काल्यूने वर गावच्या रस्त्यावरचा बर्फ काढायचा अर्ज ठेवलेला आणि त्याखाली हा. बर्फाचा मी कशाला उघडू? दुसरा उघडला, आणि सह्यांची यादी. खाली खाली येत गेले – आणि एकोणतिसावं नाव माइमू.

तुम्ही माइमूला ओळखत नसाल. निळ्या खिडक्यांचं घर, चर्चच्या पलीकडे. चव्वेचाळीस वर्षांची मैत्रीण. शाळेत एका बाकावर, गायनमंडळात एका रांगेत, ती माझ्या डावीकडे उभी राहते, कारण तिचा उजवा कान अधू आहे आणि सूर चुकला तर मी कोपराने ढोसते. माझा नवरा, राइन, गेला तेव्हा ती पंधरा दिवस माझ्या स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपली. सकाळी उठून चूल पेटवायची. गावात पहिला रीडर मी कुणाकडे बसवला? तिच्याकडे. आणि तिची सही कधीची माहीत आहे? सहीला वेळ चिकटलेली असते हो, सेकंदासकट. मंगळवार, दुपारी दोन वाजून बारा मिनिटं.

मंगळवारी दोन वाजून बारा मिनिटांनी ती इथे बसली होती. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत. म्हणाली, घरचा संगणक रुसलाय, काल्यूचं काहीतरी सही करायचं आहे, इथे करू का? मी म्हटलं, कर ना बाई, विचारतेस काय. रीडर मी लावला. कार्ड आत गेलं की नाही ते मी बघितलं. ती म्हणाली, चष्मा घरी राहिला गं. मी म्हटलं, तुला बटण दाखवते, हे बघ हे, आणि खिडकीकडे तोंड केलं. मग पाव कापायला गेले. हाच पाव. ती दोन तुकडे खाऊन, गोड झालाय म्हणून बस गाठायला पळाली. माझ्याच छपराखाली, माझ्याच रीडरवर, माझा पाव खात तिने माझा केसाने गळा कापला. समोरासमोर म्हणाली असती, आइता, मला वाटतं वाचनालय आता नको, तर मी भांडले असते, रडले असते, पण निदान तिने ते मला सांगितलं असतं ना?

घ्या ना अजून कॉफी. नको? बरं. तुमचा चेहरा असा का झालाय? मी जास्त बोलते, माहीत आहे मला. दिवसभर कुणी येत नाही आणि मग कुणी आलं की असं होतं. पण आता निघालंच आहे तर सांगते – तुम्ही गावचे नाही म्हणून सांगते, आणि उद्या रस्त्यात भेटलात तर मी म्हणेन मी असं काही बोललेच नाही.

त्या गडबडीत तिचं कार्ड रीडरमध्येच राहिलं होतं. होतं असं, आठवड्याला एक तरी राहतं. मी ते खणात ठेवलं, बुधवारी जाता जाता देऊ म्हणून. आणि बुधवारी ती यादी आली. मी खण उघडला. कार्डावर तिचा फोटो आहे – मीच तिला म्हटलं होतं केस विंचरून जा – आणि तिच्याकडे बघत बघत मी ते रीडरमध्ये घातलं. एक एक एक एक. चूक. दोन दोन दोन दोन. चूक. तिसऱ्यांदा चुकलं की कुलूप पडतं. मग सहीचा पिन. तोही तीनदा. कुलूप उघडायचा आकडा एका लिफाफ्यात येतो, आणि तिचा लिफाफा तिने कधीच सॉनाची, वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायला वापरला. सगळ्या गावाला हसत हसत सांगते ती ते. म्हणजे आता शहरात जायचं, पोलीस खात्याच्या खिडकीत रांग लावायची – कार्डं तेच देतात – नवे आकडे घ्यायचे, बस जायला दीड तास, यायला दीड तास. मला वाटलं, कर म्हणावं तेवढा व्याप. माझ्यामागे लावलास ना, घे तूही थोडा. मग जाऊन कार्ड तिच्या टपालपेटीत टाकलं. घंटा वाजवली नाही.

तेव्हापासून फोन करतेय. काल पाच वेळा, आज सकाळपासून किती ते मोजलं नाही. मी उचलत नाही. काय उचलायचं? कार्ड चालत नाही आइता, जरा बघ ना – हेच म्हणणार. आणि मी काय म्हणणार?

असं बघू नका माझ्याकडे. चूक केली ती मलाही कळते. एकोणीस वर्षांत कुणाचं कार्ड मी... जाऊ दे. हे बघा, उतरला प्रोग्राम. संगणक एकदा बंद करून चालू करू. हं. आता आधी माझं कार्ड घालते – दुसऱ्याचं कार्ड मी कधी हातात घेत नाही, रीडरची परीक्षा माझ्याच कार्डाने. बघा: आइता, जन्मतारीख, सगळं दिसलं. म्हणजे रीडर उत्तम, संगणक उत्तम. तुमचं काम होणार. चार बेचाळीस. आता काढा तुमचं कार्ड – नाही, तुम्हीच घाला, सोनेरी चिप वर.

हे तुमचं नाही.

हे... केस विंचरलेले आहेत हिचे.

तुम्ही कोण? पिरेतचे? तार्तूहून आलात – काल? माइमूच्या लेकीचे, पिरेतचे यजमान. मग इतका वेळ तुम्ही – हो. हो, तुम्ही सांगत होतात. आल्यापासून सांगत होतात. मीच बोलू दिलं नाही तुम्हाला. तिने पाठवलं? ती स्वतः का नाही – मी फोन उचलत नाही म्हणून. तिला वाटलं, मी दार उघडणार नाही. अहो, मी उघडलं नसतंच.

आणि हे काय उघडताय? आधीच लिहून ठेवलेलं दिसतंय. थांबा, वाचू द्या. 'पालिकेस. मंगळवारी मी जी सही केली, ती रस्त्यावरच्या बर्फासाठी आहे असं समजून केली. काल्यूने तसंच सांगितलं होतं. पाकिटात खाली दुसरा कागद आहे हे मला ठाऊक नव्हतं, माझ्याजवळ चष्मा नव्हता. वाचनालय बंद करायला माझी संमती नाही. ते आइताचं आहे आणि आमचं आहे. मी माझी सही मागे घेते.' आणि खाली सही करायची जागा. रिकामी.

पाकिटातले सगळे कागद उघडल्याशिवाय सही करायची नाही. मीच शिकवते हे. सगळ्या गावाला मीच शिकवते, आणि तिला चष्म्याशिवाय बटण मीच दाखवलं.

नका. नका टाकू पिन. तिने लिहून दिला असेल तुम्हाला, बरोबरच असणार तो, पण उपयोग नाही. तुम्ही ऐकलंत ना सगळं. पोलीस खात्याची खिडकी आता सोमवारी उघडेल. कागदावर? कागदावर हाताने लिहून चालतं, पण पालिकेचं ऑफिस शुक्रवारी तीनला बंद होतं, पाचपर्यंत फक्त इंटरनेटवरून. फोनवरून सही करायची सोय तिच्याकडे नाही. नकोच म्हणाली होती – मला आइता आहे की. माझ्या कार्डाने? माझी सही घेऊन काय करायची, मी कुठे बंद करायला सांगितलंय. एक सही मागे घेतली की अठ्ठावीस राहतात, अठ्ठावीसवर काही होत नाही. एकच हवी होती, आणि ती तिची होती, आणि ती बुधवारी मी...

चार पन्नास. रीडर चालतोय. संगणक चालतोय. तुमचा काही दोष नाही, तुम्ही वेळेवर आलात.

तिला काय सांगाल? सांगा. सगळं सांगा, जसं ऐकलंत तसं. मी नाही सांगू शकणार. किंवा – नाही, सांगाच. संगणक घ्या तुमचा. तार गुंडाळून देते. पैसे कसले, इथे कधी घेतले नाहीत. कोटाची बटणं लावा, बाहेर वारा आहे.

जा हो आता. ती खिडकीत उभी असेल, घड्याळ बघत. अजून दहा मिनिटं आहेत, असं म्हणत असेल पिरेतला, काळजी करू नकोस, तिथे आइता आहे.