दुसरी बाटली हलवायची असते

—नको, नको, ते पाणी लॅबला धाडायचं पाकीट तिकडंच ठेव, काउंटरमागं. लॅबवाले आकडा देतात गं पोरी, आणि आकडा कागदावर आला की आमची रेविन तो फ्रिजवर लावते — बायको माझी — माझं कोलेस्टेरॉलसुद्धा लावलंय तिनं. मला घरी पाणी तपासायची चांगली पद्धत दे. चांगली म्हणजे कुठली? आमच्या बोअरचं पाणी पास करणारी!

हसतेस काय? इथं राकायात सातशे गाई आहेत माझ्या. सातशे गाई मुततात, त्यांना काय नळ आहे बंद करायला? सगळं झिरपतं खाली, त्याचं होतं नायट्रेट, आणि — कुठं होतो मी? हां, आधी तुमच्याकडनं तपासायच्या पट्ट्या नेल्या. पट्टी बुडवायची, गुलाबी झाली की वाईट. मला गुलाबी दिसतच नाही, जन्मापासनं! महिनाभर पाणी फर्स्ट क्लास होतं. मग पट्टी रेविननं बघितली, न् चहाचं आधण मोरीत ओतलं. शेजारचा मरी म्हणतो, कुत्र्याला पाज, प्यायलं की झालं. अरे, तुझं कुत्रं मेंढ्या धुवायचं औषध पितं!

म्हणून मग हा थेंबांचा संच नेला, दोन बाटल्यांचा. दुसरी बाटली खूप हलवायची असते, औषध तळाशी बसतं — नाही हलवली तर नळीतलं पाणी पिवळंधमक. पिवळं म्हणजे नायट्रेट शून्य. पिवळं मला दिसतं. म्हणून मग... नाही हलवली. पिपला फोटो धाडला — लेक माझी, ख्राइस्टचर्चला असते — म्हटलं, बघ शून्य, आण आता नातीला. पाच आठवड्यांची झाली, अजून हातात नाही घेतली मी. पिप म्हणायची, बाबा, तिचं पावडरचं दूध त्या पाण्यात कालवायचं, बाळं निळी पडतात त्यानं. फोटो बघितला न् म्हणाली, शनिवारी येतो आम्ही. लगेच! एक प्रश्न नाही विचारला गं तिनं बापाला.

ही बरणी? आमच्या नळाचंच आहे, सकाळचं. नाही, मी आपलं उगाच आणलं... बरं, कर. इथंच कर. पहिलीचे थेंब झाले? आता दुसरी — अगं, अशी नाजूक काय हलवतेस? जोरात! काउंटरवर आपट! मी मोजतो, एक, दोन, तीन...

सांगू नकोस. पिवळं नाही, एवढं मलाही दिसतंय.

दे ते लॅबचं पाकीट. आणि प्यायच्या पाण्याचे चार मोठे कॅन. पिपला मीच सांगतो. बघत काय बसलीस? मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.