बाबांचं पिंप

—नाही, नाही, ते सोडा दाजी, ते पिंप विकायचं नाही, कितीदा सांगू? इकडे या. आख्ख्या टेक्सासात हरणांना मका घालायच्या जेवढ्या तऱ्हा असतील तेवढ्या या दुकानात टांगून ठेवल्यात मी, आणि तुम्ही आपले त्या कोपऱ्यातल्या गंजक्या पिंपापाशी जाऊन उभे! फीडर घ्यायला आलात ना? हरणं बोलवायचीत ना खिडकीसमोर? मग निवडा की. चार वर्षं झाली तुम्हाला बायकोच्या माहेरी येऊन राहायला, आज पहिल्यांदा मेव्हण्याच्या दुकानाची पायरी चढलात — बरं वाटलं हो. खरंच. वेल्डन जिवंत आहे हे कुणीतरी सांगितलं वाटतं तुम्हाला. थांबा — आ — आच्छी! — आच्छी! — आच्छी! — हं. सीडर. डिसेंबर लागला की या झाडांची पिवळी धूळ नाकात जाते आणि गाव सगळं शिंकत बसतं. मला तीन येतात. दोन नाही, चार नाही, तीन. बाबांनाही तीनच यायच्या. — आणि बघा, मी शिंकलो तर तुम्ही नुसते उभे! आमच्याकडे कुणी शिंकलं की 'देव भलं करो' म्हणतात, परक्यालाही म्हणतात. पण तुम्ही पडलात सॅन अँटोनिओचे, शाळेतल्या पोरांना पिपाण्या वाजवायला शिकवणारे, तुम्हाला कोण शिकवणार रीतभात.

तर हा बघा. हा सगळ्यात साधा, नळकांड्याचा. वरून मका ओता, खाली वाडग्यात आपोआप उतरतो, हरीण येतं, तोंड घालतं, खातं. मोटर नाही, बॅटरी नाही, टिचकीएवढाही आवाज नाही. तुमच्या व्हर्लीनला हाच बरा. आजारी माणसाच्या खिडकीपाशी आवाज कशाला? — नको? बरं, मग हा तिपाईवरचा. टायमर लावला की ठरल्या वेळी खालची चकती फिरते आणि मका चहूकडे उडतो. मोटर जपानी, मांजर घुरघुरतं तेवढासुद्धा आवाज नाही. वर रॅकून चढू नये म्हणून पत्र्याची झालर आहे, भोवती जाळी लावा म्हणजे रानडुकरं आत शिरायची नाहीत. — हाही नको? आवाज येत नाही म्हणून नको? दाजी, डोकं ठिकाणावर आहे ना? लोक इथे येऊन विचारतात, वेल्डन, आवाज कमीत कमी कशाचा, आणि तुम्ही — अहो, पुन्हा तिकडेच निघालात! हात नका लावू. ते बाबांचं पिंप आहे. तेलाचं पिंप कापून स्वतःच्या हाताने केलेलं. चकती फिरायला लागली की किरकिर, खडखड, झाकण वर नाचतं, मैलभर ऐकू जातं. दोन मोटरी बदलल्या मी, पण आवाज तोच. तो विकत मिळत नाही कुठे.

एक गोष्ट मात्र शिकून जा. हरणांना आवाजाची भीती वाटते, पहिल्या आठवड्यात तर पळ काढतात. मग त्यांना कळतं, की हा आवाज झाला की मका येतो. मग आवाज झाला की येतात. मग आवाजाच्या आधीच येऊन उभी राहतात — शेपटी हलवत, आशाळभूतासारखी — आणि मग त्यांच्यावर नेम धरायला आंधळा माणूससुद्धा चालतो. प्रेमबिम काही नसतं त्यात. तुम्हाला वाटतं, ती व्हर्लीनला भेटायला यायची? तुम्ही बादली वाजवून सफरचंदाच्या फोडी टाकायचात, म्हणून यायची. मी कुंपणाला लागून पिंप उभं केलं, टायमर तुमच्या बादलीच्या थोडा आधी लावला — झाली सगळी माझ्या बाजूला. कुंपणाच्या अलीकडे माझी, पलीकडे तुमची, कायदाच आहे तसा. तिनेच लावल्यात ना त्या पाट्या कुंपणावर, शिकारीला मनाई? लाव म्हणावं. हरणांना वाचता येत नाही.

रागावलात? अहो, रागवायचं मी. या घरात गुरं कुणी सांभाळली? बाबांना शेवटी उचलून संडासला कुणी नेलं? आणि नदीकाठचं कुरण, त्यातली सगळी पिकान-अक्रोडाची झाडं, घर — कुणाला? तर शहरात जाऊन बसलेल्या व्हर्लीनला. का, तर तिला हरणं आवडतात. हे कारण! मी तेरा वर्षांचा होतो, ती नऊची. बाबांनी पहिल्यांदा माझ्या हातात बंदूक दिली, तिघं मचाणावर, पहाटेची थंडी, आणि समोर असा नर आला, असा नर — मी घोड्यावर बोट ठेवलं, आणि ही शिंकली. मुद्दाम! अहो, चक्क खोटं शिंकली, तीनदा, बाबांसारखी! गेला नर. आणि बाबा? तिला दोन ठेवून द्यायच्या सोडून पोट धरून हसले आणि म्हणाले, देव भलं करो, व्हर्लीन. मला एक शब्द नाही. तिथेच कळलं मला कुरण कुणाला जाणार ते.

म्हणून तो वाकड्या मारला मी. हो, मीच, आणखी कोण? एक शिंग कानावरून खाली वळलेलं. त्याचं नाव तिनेच ठेवलं ना वाकड्या? दुकानात लोक सांगतात मला सगळं. रोज बसायचो मी मचाणावर, आख्खा डिसेंबर. तो काही सारखा समोर येत नव्हता, तर मग काय बघायचं? समोर तुमची खिडकी. तुम्ही तिची चाकाची खुर्ची ढकलत आणायचात, गुडघ्यांवर ती निळी गोधडी — आईची आहे ती, सांभाळून वापरा. केस गेले सगळे तिचे. टोपी कसली घालता तिला, ती हिरवी? शोभत नाही. आणि एक सांगतो, खिडकी उघडी ठेवता तुम्ही! या थंडीत, वीतभर उघडी, रोज! तिला न्यूमोनियाने घालवायचंय का? मला तिथून दिसायचं, वाटायचं, जाऊन धाडकन लावून यावी. आणि तुम्ही तिच्या कानाशी वाकून सारखे काय पुटपुटत असता? रेडिओवर बेसबॉलची कॉमेंट्री सांगतात तसं — आली दोन हरणं, बसलं एक — तिला दिसत नाही का स्वतःच्या डोळ्यांनी?

— पण मी काही तिला बघायला बसायचो असं नाही. वाकड्यासाठी बसायचो. आणि मारला. त्या दिवशी नाक असं चिमटीत दाबून धरलं, एक शिंक येऊ दिली नाही, पिंप खडखडलं, तो आला, मान खाली घातली — संपलं. तुम्ही खुर्ची मागे ओढलीत ते बघितलं मी. काम झालं, दुसऱ्याच दिवशी पिंप काढून आणलं. मका काय फुकट येतो? आणि हो, चर्चमधल्या एडनाबाईंच्या हाती सॉसेजचं पुडकं आलं होतं ना तुमच्याकडे? खाल्लंत? दोघांनी? छान लागलं? — तोंड का उतरलं हो, दाजी? मी कुठे म्हणालो कुणाचं होतं ते? तिला मिरी जास्त लागते म्हणून वेगळं करून घेतलं होतं तिच्यापुरतं. माझ्यासाठी बिनमिरीचं.

बोला की काहीतरी. हं? — काय? मोठ्याने बोला. — पिंपच हवंय. अहो, पण का? एवढे नवेकोरे फीडर सोडून तुम्हाला हेच — कुणाला हवंय? तिला? तिने सांगितलं? हेच आण म्हणून?

— कधीपासून?

— सप्टेंबरपासून? दोन्ही डोळे? म्हणजे... म्हणजे वाकड्या तिने बघितलाच नाही या हंगामात. तुम्हीच सांगायचात, आला म्हणून. — अजूनही सांगता? अजूनही म्हणता आला? वा! मेलेलं हरीण रोज आणून उभं करता तिच्यापुढे, आणि मी वाईट!

— मग खिडकी कशाला उघडी? — ऐकायला? काय ऐकायला, हरणं काय गातात? — पिंप. बरं. बाबांचं पिंप, ओळखणारच ती, आवाजच तसा आहे. आणि? आणि काय? थांबू नका आता, बोला.

शिंका.

— कोण म्हणतं? ती कशावरून म्हणते मी होतो? गावात या दिवसांत कुणाला शिंका येत नाहीत! — तीन. हो, तीन. असेल. दुसऱ्या कुणालाही येत असतील तीन. — काय म्हणते? रोज? पिंप खडखडलं की म्हणते, वेल्डन आला, आणि मग थांबते, आणि मी शिंकलो की 'देव भलं करो' — प्रत्येक शिंकेला? तिन्ही वेळा? हळू आवाजात कशाला, मला कसं ऐकू येणार तेवढ्या लांब?

आणि त्या दिवशी? गोळीच्या दिवशी? गोळी तर ऐकलीच असेल ना, डोळे गेलेत, कान नाही गेले. मग काय म्हणाली? रडली ना? शिव्या दिल्या ना मला? — काय? काय म्हणाली? पुन्हा सांगा.

— वेल्डन नव्हता म्हणाली.

शिंक आली नाही म्हणून. कुणीतरी दुसरं चढलं होतं मचाणावर, वेल्डन असता तर त्याने गोळी झाडू दिली नसती — असं म्हणाली? आणि तुम्ही ऐकून घेतलंत? तुम्हाला दिसत होतो ना मी? माझं लाल जाकीट दिसत होतं ना तिथून? मग सांगितलं का नाही? सांगा तिला! आज जाऊन सांगा, मीच होतो, नाक दाबून बसलो होतो, आणि ते सॉसेजही त्याचंच होतं. सांगा! — मान काय हलवताय? भित्रे आहात तुम्ही. बायकोला खरं सांगायची हिंमत नाही आणि आलात पिंप मागायला.

डॉक्टर काय म्हणतात? — नाही, मी सहज विचारलं. — एवढ्यातच? — हं.

नाही. पिंप मिळणार नाही. पैसे खिशात घाला, मला नकोत तुमचे पैसे. हे बाबांचं आहे, कुरण गेलं तिला, घर गेलं, हे माझं आहे, हे इथेच राहील. तो नळकांड्याचा न्यायचा असेल तर न्या, नाहीतर रिकाम्या हाताने जा. मचाणावर कुणी नसतं म्हणावं आता. हंगाम संपला. पिंप मोडलं म्हणावं. तुम्हाला सांगता येतं की काहीही, मेलेलं हरीण उभं करता, एक पिंप मोडायला काय लागतं? उभं राहू नका असे. जा. दार ओढून घ्या, धूळ येते आत, सगळी — आ — आच्छी! — आच्छी! — आच्छी!

— काय थांबलात दारात? काय म्हणणार होतात?

तुम्ही नका म्हणू. तुमच्या तोंडून नको मला ते. निघा.