झिंग्यांसाठी एकदाच ओरडले

नाही, मला सांगा ना, हातभर लांबीची काचेची पेटी, आत हिरवंगार शेवाळ, कोपऱ्यात बुडबुडे काढणारा स्पंज, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान, लाल लाल तेरा झिंगे... याला कोणी 'साचलेलं पाणी' म्हणतं का? रजिस्टरमध्ये? लाल पेनानं? आमच्या कामिनीताईंनी लिहिलं! 'साचलेलं पाणी: एक.' आणि मी समोर उभी, हातात कप, त्यांच्यासाठीच केलेल्या चहाचा. पण मी बोलले का? नाही बोलले.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कामिनीताई वाईट आहेत. नाहीत हो! गावच्या आशाताई त्या. डेंग्यूच्या दिवसांत उन्हातान्हात घरोघरी फिरतात, कूलर बघतात, रांजण बघतात, टायरांत टॉर्च मारतात. वाईट काय असेल तर माझं नरडं. ऐन वेळी बंद पडतं.

मी रुचिका, भंडाऱ्याची. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. आहे, आणि कुकरची शिट्टी झाली की दचकते. स्वतः मोजत उभी असले तरी दचकते! लग्न होऊन सानगडीला आले तेव्हा आंदणात कपाट, कूलर, आणि मधोमध ही पेटी. झिंगे वेगळ्या बरणीत, बरणी माझ्या मांडीवर, भंडारा ते सानगडी, प्रत्येक गतिरोधकाला मी आणि ते एकदमच उडालो. आणि आंदण बघायला आलेल्या बाया कपाट सोडून पेटीभोवती! एक मामी अगदी काचेला नाक लावून, "काहून वं सूनबाई, हे कवा मोठे होतीन?" मी पुटपुटले, "एवढेच राहतात जी." तर दुसरी, "एवढेच? मंग वांग्यात टाकाले किती लागतीन?" आणि तिसरी माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत, "खायाचे नाई तं पोसतेस कायले?" आता मला कवचधारी प्राण्यांचा अख्खा धडा पाठ, आकृतीसकट! पण मी बोलले का? नाही बोलले. हसले नुसती.

खरं सांगू? त्या घरात माझ्यासारखं कोणी असेल तर हे तेराच होते. दार आपटलं, ते उडाले, मी उडाले. फरक इतकाच की ते मागच्या मागे उडतात, मी असते तिथल्या तिथे.

आणि पंधराव्या दिवशी सकाळी बघते तर एक जण आडवा! पांढराफटक, आरपार दिसणारा, आतून रिकामा... मी मोरीत जाऊन रडले. नळ सोडून रडले, आवाज बाहेर जायला नको म्हणून. तर बाहेरून सासूबाई, पार्वताबाई, मी त्यांना आई म्हणते, त्या दारावर थाप मारून, "नळ बंद कर वं, टाकी रिकामी होईन. रडतेस कायले?" म्हटलं, "आई, झिंगा मेला." त्या तरातरा पेटीकडे गेल्या, कमरेवर हात, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, "मेला नाई. सदरा काढून ठेवला त्यानं." सदरा! मी मोजले. तेरा. तेराच्या तेरा जिवंत, आणि चौदावा तो सदरा! म्हणजे डिग्री माझ्याकडे, आणि कात ओळखली बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर लहानपण काढलेल्या बाईनं. इथे निदान 'आई, तुम्हाला कसं कळलं?' एवढं तरी विचारायचं ना? नाही बोलले.

मग पावसाळ्यात एकीच्या पोटाखाली पिवळे दाणे दिसायला लागले. अंडी! पंचवीस-तीस तरी! आणि ही बया दिवसरात्र पोटाखालच्या पायांनी त्यांना वारा घालून राहिलेली. महिनाभर! मी दिवसातून दहादा बघायची. पाणी गरम तर नाही झालं? लाइट गेली, आता बुडबुडे बंद, आता काय? नळाच्या पाण्यात ब्लीचिंग जास्त पडलं असेल तर? भाजी जळाली दोनदा. आई काही बोलल्या नाहीत. पण एक दिवस मिक्सर जाग्यावर नाही! पेटीमागच्या ओट्यावरून उचलून थेट मागच्या पडवीत. माझा नवरा अंकुश साकोलीहून कामावरून आला, म्हणाला, "आई, मिक्सर इथं काहून आणला?" तर आई खालच्या आवाजात, "तिकडं बाळंतीण आहे ना बावा." मी दाराआडून ऐकलं. डोळे भरून आले. जाऊन हात धरावा वाटलं त्यांचा. गेले का? नाही गेले. कोथिंबीर निवडत बसले.

आणि ज्या सकाळी पिल्लं दिसली, जिऱ्याच्या टोकाएवढी, आरपार, शेवाळावर नुसती ठिपक्यांची हालचाल... नेमक्या त्याच सकाळी कामिनीताई! आई मागे परसात, सांदवाडीत भांडी घासत होत्या. ताईंनी कूलर बघितला, कोरडा. रांजण बघितला, झाकलेला. टॉर्च फिरत फिरत पेटीवर आला आणि थांबला. "अगं बाई! वळवळून राह्यलं की हे! अळ्या!" रजिस्टर उघडलं, लाल पेन, 'साचलेलं पाणी: एक'. मी तोंड उघडलं, बंद केलं, माशासारखं. मग त्यांनी पिशवीतून औषधाची बाटली काढली. "घाबरू नका वहिनी, माणसाले काई होत नाई याच्यानं, अळ्याच मरतेत." टोपण फिरवलं. माझ्या डोक्यात वाक्यं तयार, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागेवर, ताई, या अळ्या नाहीत, ही झिंग्यांची पिल्लं आहेत, आत्ताच जन्मलीत, एका थेंबानं त्यांच्या आईसकट सगळी जातील... एकही अक्षर बाहेर नाही! बाटली तिरकी झाली. तोंडाशी थेंब आला. आणि मग...

"हात लावायचा नाही!"

कोण ओरडलं, हे बघायला मी मागे वळून बघितलं हो! मागे भिंत. मीच होते! कप खाली, चहा माझ्या पायावर, ताईंची बाटली जमिनीवर, आणि आई राखेच्या हातांनी धावत, मागोमाग शेजारच्या आनंदाबाई, "काय झालं वं? साप निंगाला का?"

मी नुसतं बोट दाखवलं. आवाज संपला होता सगळा. आईंनी बाटली बघितली, पेटी बघितली, त्यांना कळलं. म्हणाल्या, "कामिनी, अळी कशी रायते वं? वरतं येऊन उलटी लटकते ना दम घ्याले? हे पाय पाय चालून राह्यले. अळीले पाय असतेत का?" ताईंनी चष्मा काढला, पुसला, लावला, काचेला डोळा भिडवला. मग एकदम, "माय वं! मिश्या आहेत जी यायले! एवढ्याशा जिवाले मिश्या!" आणि रजिस्टरमधली ओळ खोडून त्यांनी लिहिलं, 'तपासले. राहू द्या.' दुसरा चहा घेतला, टॉर्च मारून आणखी दोनदा पिल्लं बघितली, मगच गेल्या.

संध्याकाळी आई माझ्याजवळ पेटीपुढे बसल्या. पिल्लं मोजायचा प्रयत्न केला दोघींनी, प्रत्येक वेळी वेगळा आकडा. मग काचेकडेच बघत म्हणाल्या, "सात महिने झाले पोरी. मले वाटे, तुले आमचं घर पटलंच नाई. म्हणून बोलत नाईस." मी म्हटलं, "नाही हो आई... मला भीती वाटते फक्त." "कायची?" "सगळ्याचीच." त्या हसल्या. म्हणाल्या, "मंग ठीक आहे. मले वाटलं, माहीच वाटते."

इथे संपायला हवं होतं ना? नाही! आता गावभर एकच, "आमची सून बोलते!" नळाला पाणी नाही, रुचिकाले पाठवा. एसटी थांबली नाही, रुचिकाले सांगा. आणि काल सेवकरामकाकांची म्हैस आमच्या वालाच्या वेलात शिरली, तर आई ओट्यावरून अभिमानानं, "जाय वं, वरडून ये!" गेले. समोर उभी राहिले, श्वास घेतला, तोंड उघडलं. म्हशीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं... आणि मी तिला म्हटलं, "काही नाही जी, खा तुम्ही. फक्त शेंगा तेवढ्या ठेवा."