चौदा बॅटऱ्या, एक माणूस

नाव: सौ. सुचित्रा प्रल्हाद हिंगमिरे. वय: ४४ वर्षे. व्यवसाय: नोकरी, एसीच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअर इन-चार्ज, रास अल खोर. राहणार: अल बर्शा, दुबई. मूळ राहणार: कोथरूड, पुणे. जबाबाची भाषा: मराठी. अरबीत करणार: दुभाषी मोहिद्दीन काझी, मूळचे रत्नागिरीचे. दिनांक: ११ डिसेंबर २०११.

मी वरील नावाची बाई पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी आले असून, समोर बसून विचारल्यावरून सांगते की, मी पती प्रल्हाद वामन हिंगमिरे, वय ४८, आणि मुलगी श्रिया, वय १५, यांच्यासह नऊ वर्षांपासून वरील पत्त्यावर राहते. पती जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर आहेत. घरी मी त्याला प्रल्हादच म्हणते. पुढे तसंच लिहावं. 'माझे पती, माझे पती' असं ऐकत बसले तर हा कोण परका माणूस, असं मलाच वाटायला लागेल.

इलेक्ट्रिक सिगारेटच्या चौदा बॅटऱ्या, सदतीस अ‍ॅटोमायझर, नऊ चार्जर आणि कार्ट्रिजच्या पिशव्या माझ्या स्वयंपाकघरात सापडल्या, हे खरं आहे. हे सगळं एकाच माणसाच्या वापरासाठी आहे, हेही खरं आहे. यातलं पहिलं लेफ्टनंट साहेबांना पटतं, दुसरं पटत नाही. प्रल्हाद कालपासून आत आहे तो त्यामुळेच. स्वतःपुरतं असेल तर माल जप्त होऊन दंडावर भागेल आणि विकण्यासाठी असेल तर तुरुंग आणि नंतर कायमची परत पाठवणी, असं मला सांगण्यात आलं. श्रियाची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. याचा केसशी संबंध नाही असं साहेब म्हणाले. माझ्याशी आहे, म्हणून लिहावं.

२००८ च्या शेवटी प्रल्हादच्या कंपनीचे प्रोजेक्ट थांबले. दर गुरुवारी कुणाच्या तरी हातात पत्र पडायचं आणि रविवारी त्याची खुर्ची रिकामी असायची. प्रल्हादची नोकरी राहिली, पण सिगारेट दिवसाला एका पाकिटावरून तीन पाकिटांवर गेली. मी ओरडले, रडले, अबोला धरला. श्रियाने पाकिटावर कवटीचं चित्र काढून ठेवलं, तर हा म्हणाला, छान काढलंयस गं. २००९ मध्ये ऑफिसातच त्याच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, आता सिगारेट तरी सोडा, नाहीतर मला तरी. च्युइंगम झालं, दंडाला लावायच्या पट्ट्या झाल्या, आठ दिवसांत सगळं खलास.

प्रल्हादबरोबर काम करणारे राजाभाऊ पानसे यांनी त्या सुमारास पुण्याहून येताना इलेक्ट्रिक सिगारेटचा एक सेट आणला. बॅटरीची नळी, पुढे कार्ट्रिज, मध्ये पेराएवढा अ‍ॅटोमायझर. तो तापतो आणि वाफ करतो. मी म्हटलं, हे काय नवं खूळ! पण त्या खुळाने काम केलं. तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, प्रल्हादने एकही सिगारेट ओढलेली नाही. हे मी शपथेवर सांगते. माझ्या संसारात शपथेवर सांगण्यासारखं एवढंच एक आहे.

ही वस्तू इथे विकायला परवानगी नाही, हे मला माहीत होतं. घरात ठेवायला आहे की नाही, ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं आणि 'नाही' म्हणाले तर काय करायचं, म्हणून विचारलं नाही.

चौदा कशाला, या प्रश्नाचं उत्तर असं. मार्च २०१० मध्ये एका संध्याकाळी अ‍ॅटोमायझर जळाला. दुसरा नव्हता. प्रल्हाद दही आणतो म्हणून खाली गेला आणि बराच वेळ आला नाही, म्हणून मी गेले. इमारतीखालच्या ग्रोसरीसमोर तो पाकीट हातात धरून उभा होता. पाकीट उघडलेलं नव्हतं. सात दिरहम, म्हणजे आपले नव्वद रुपये. ग्रोसरीवाला त्याला लायटरही देत होता, फुकट. मी पाकीट काढून घेतलं, कचऱ्याच्या पेटीत टाकलं आणि भर रस्त्यात त्याला नको नको ते बोलले. तो माझ्यामागून वर आला. दही राहिलंच.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही ठरवायला बसलो की घरात असे सेट किती असावेत. प्रल्हाद म्हणाला, दोन बास. मी म्हटलं, दोन म्हणजे एक वापरात आणि एक चार्जिंगला, मग बिघडला तर? तो म्हणाला, "अगं, मी ओढणार आहे की दुकान टाकणार आहे?" हे वाक्य लिहू का, असं मोहिद्दीनभाईंनी मला दोनदा विचारलं. लिहा. तो थट्टा करत होता. त्याच्या थट्टेचीही नोंद व्हावी.

माझं काम गोदामात हेच आहे. कुठला पार्ट किती ठेवायचा, किती उरला की नवा मागवायचा. २००८ ची मंदी आल्यावर वरून हुकूम आला, स्टॉक कमी करा, पैसा अडकवू नका. आम्ही केला. पुढच्याच जुलैत एका लेबर कॅम्पचे एसी बंद पडले, कारण पंधरा दिरहमचा कपॅसिटर शेल्फवर नव्हता. त्या खोल्यांत माणसं कशी झोपली असतील ते मी रोज मनात आणते. तेव्हापासून कमी पडण्याची मला धास्ती आहे. सात दिरहमला खाली मरण मिळतं आणि वर शेल्फ रिकामं, हे मी माझ्या घरात होऊ देणार नव्हते. म्हणून मी ठरवलं की वर्षभराचं असू दे.

अ‍ॅटोमायझर जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. दहातले तीन-चार पाकिटातूनच मेलेले निघतात. त्या हिशेबाने सदतीस जास्त नाहीत. हा हिशेब मी साहेबांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि विचारलं, तू गोदामात नक्की काय काम करतेस? मी उत्साहाने सांगितलं. मोहिद्दीनभाईंचा चेहरा पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले.

बॅटऱ्या चौदा झाल्या त्याचं कारण आमची माणसं. इकडे पुण्या-मुंबईहून कुणी येणार असलं की सगळे विचारतात, काही आणायचंय का? आणि आपण सांगतो. कुणाची बॅग भरते, कुणी विसरतं, कुणाची सासू ऐन वेळी लोणच्याची बरणी कोंबते. तिघांना सांगावं तेव्हा एकाचं हाती पडतं. गेल्या दिवाळीत मी चौघांना प्रत्येकी तीन सांगितल्या. चौघांनीही आणल्या. त्यांचं प्रेम नडलं, दुसरं काय! आणलेली वस्तू नको म्हणून परत देता येत नाही. मी चौघांना घरी जेवायला बोलावलं, श्रीखंड केलं. त्या चौघांची नावं मी सांगणार नाही. कितीही वेळा विचारलं तरी नाही.

आता कालची हकीकत. शनिवारी सकाळी एक चार्जर तापून काळा पडला आणि धूर झाला. आग नव्हती, पण इमारतीचा अलार्म वाजला. सगळे मजले खाली उतरले. सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाची, माणसं आणि सोबत एक पोलीस वर आले. प्रल्हादने जळका चार्जर दाखवला, त्यांनी तो मोबाइलचाच समजून खिडक्या उघडायला सांगितल्या आणि निघाले. इथे सगळं संपलं होतं. पण माणसं आपल्यासाठी एवढे जिने चढून आलेली. तशीच कशी पाठवायची? मी म्हटलं, चहा घेऊनच जा. नको नको म्हणत होते, मी बसवलं. श्रियाला म्हटलं, चिवड्याचा डबा आण.

श्रिया इथेच वाढली. तिला चिवडा कुठल्या डब्यात असतो ते माहीत नाही, ती सकाळी सिरियल खाते. तिने एक डबा आणला आणि पाहुण्यांसमोर उघडून धरला. आत बॅटऱ्या. ती म्हणाली, "Oh. Wrong one," आणि झाकण लावलं. तोवर पोलिसाने चहाचा कप खाली ठेवला होता. त्याने तिला अगदी सौम्यपणे सांगितलं, दुसरा आण. तिने दुसरा आणला. त्यात अ‍ॅटोमायझर. कालपासून पोरगी खोलीतून बाहेर आलेली नाही. दार वाजवलं की म्हणते, "I'm fine, Aai." तिचा यात काडीचा दोष नाही. चहाचा आग्रह माझा होता.

डब्यांबद्दल. माल पाच स्टीलच्या डब्यांत होता आणि प्रत्येक डब्यावर वेगळं नाव कोरलेलं आहे. ही गिऱ्हाइकांची नावं आहेत, असं साहेबांचं म्हणणं आहे. ती तशी नाहीत. आमच्यात भांड्यांवर नाव घालतात. बारसं, मुंज, लग्न, कशात कुणी काय दिलं ते त्या भांड्यावर मशीनने कोरतात. हे पाचही डबे राजाभाऊंच्या घरचे आहेत. २०१० च्या मे महिन्यात त्यांना पत्र मिळालं आणि महिन्याच्या आत घर आवरून ते पुण्याला गेले. जाताना त्यांच्या बायकोने, मनोरमाने, आपला सगळा स्वयंपाकघराचा पसारा माझ्या ओट्यावर आणून मांडला. म्हणाली, "विकू नकोस गं, वापर." मी वापरले.

साहेबांनी एकेक डबा समोर ठेवून विचारलं. मोहिद्दीनभाईंनी कोरलेलं वाचून दाखवलं. पहिल्यावर 'सौ. मनोरमा' आहे. ती कुठे आहे? पुण्यात. फोन नंबर? बदलला. दुसऱ्यावर 'चि. वेदच्या मुंजीनिमित्त' आहे. वेद कोण? मनोरमाचा मुलगा. वय? तेव्हा आठ. साहेबांनी पेन उचललं आणि म्हणाले, म्हणजे अल्पवयीन. मी म्हटलं, अहो, त्याची मुंज झाली, त्याला माल नाही विकला! तिसऱ्यावर 'ईश्वरी' आणि चौथ्यावर 'शुभ्रा', त्या मनोरमाच्या भाच्या. पाचव्यावर 'कै. तानुबाई पानसे यांचे स्मरणार्थ'. साहेबांनी विचारलं, ही बाई सापडेल का? मी म्हटलं, नाही, त्या राजाभाऊंच्या आजी, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. साहेबांनी लिहिलं, सापडत नाही. खरं तेच लिहिलं त्यांनी. यात मी कुणाला काय बोलणार?

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी जे खरं सांगते, त्याने प्रल्हाद आणखी खोल जातो. गप्प राहिले तर लपवतेय. मी हात टेकले आहेत.

साहेब माणूस वाईट नाही. आवाज चढवला नाही, पाणी दिलं. शेवटी त्यांनी एकच विचारलं: एका माणसाला किती लागतात, एक आकडा सांग. मी म्हटलं, तो जगेपर्यंत पुरतील इतक्या. हे उत्तर चालणार नाही, आकडा हवा, असं ते म्हणाले. आकडा माझ्याकडे नाही. प्रल्हादचा आकडा दोन होता. बाकीच्या बारा बॅटऱ्या माझ्या आहेत. गुन्हा असेल तर तो माझ्या नावावर घ्यावा आणि त्याला सोडावं, असं मी म्हटलं. तशी सोय नाही, कारण घर आणि व्हिसा त्याच्या नावावर आहेत, असं मला सांगण्यात आलं.

हा मजकूर मोहिद्दीनभाई नीट उतरवून काढत होते तेवढ्यात मला प्रल्हादला पाच मिनिटं भेटू दिलं. भेटून मी परत आले. त्यानंतर त्यांनी सगळं सावकाश, ओळीवर बोट ठेवून मराठीत वाचलं आणि विचारलं, ताई, काही बदलायचंय का?

एक दुरुस्ती आहे. वर लिहिलंय की दोन वर्षं प्रल्हादने एकही सिगारेट ओढलेली नाही. ते मी सांगितलं तेव्हा बरोबर होतं. आत्ता तो माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या श्वासाला आणि बोटांना वास येत होता. रात्रभर तो कोठडीत येरझारा घालत होता, म्हणून पहाऱ्यावरच्या शिपायाने दया येऊन आपलं पाकीट दिलं, असं तो म्हणाला. त्या शिपायाचं चांगलंच होवो, त्याने काही बेकायदा केलेलं नाही. प्रल्हाद मला म्हणाला, "सुचित्रा, आता तरी मोजणं थांबव." सिगारेट न ओढल्याचं तेवढं वाक्य खोडून बाकी सगळं मी बोलले तसंच आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) सुचित्रा प्रल्हाद हिंगमिरे