हाडानं धरेपर्यंत

बुसानमध्ये दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या.

“आई, डॉक्टरांनी बजावलं होतं ना? हाडात बसवलेला सिरॅमिकचा नवा दात हाडानं घट्ट धरेपर्यंत त्या बाजूनं चावायचं नाही!”

“ठाऊक आहे गं.”

“मग हलला कसा?”

“किमचीतला मुळा खाल्ला.”

“मुळा! अहो, लहान पोरंसुद्धा ऐकतात!”

“ओरडू नकोस. ती शेजारची मालसुन सगळ्या बायकांसमोर म्हणाली, तुझ्या सुनेनं मुरवलेला मुळा यंदा चामट झालाय. माझ्या सुनेला नावं ठेवते, सटवी! मग तिच्या नाकासमोर अख्खी फोड नव्या दातानं चावून दाखवली.”

“आई…”

“आता काय?”

“खरंच चामट झाला होता?”

“नसता झाला, तर दात हलला असता का?”