दहा मिनिटांचं काम

सोमवारी. — नाही हो, उद्या नाही, परवा नाही, रविवारी तर दुकानच बंद — सोमवारी या, तयार ठेवतो. कितीही वेळा विचारलंत तरी वार तोच राहणार. दहा मिनिटांचं काम आहे, मान्य! मी कुठे नाही म्हणतोय? चार वायरी जोडायच्या, वर पिवळी चिकटपट्टी मारायची, झालं. पण दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत करून द्यायला लागलो ना, की गिऱ्हाइकाला वाटतं यात काय एवढं, हे तर मीही घरी करीन — आणि मग घरी करतं, आणि मग जळका तुकडा रुमालात गुंडाळून माझ्याकडेच येतं. बसा ना. तो स्टूल नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. ह्या खोक्यावर बसा — आत कॅमेरेच आहेत, मेलेले, त्यांना आता काही लागत नाही. आणि पिशवी त्या टेबलावर नका ठेवू. खिडकीपाशी आहे ना, ते. रिकामं आहे म्हणून काय झालं? रिकामं टेबल म्हणजे काय धर्मशाळा आहे?

हो, सगळे कॅमेरेच. लोकांनी हौसेने घेतले, गळ्यात घालून मिरवले, मग फोनमध्ये कॅमेरा आला आणि हे गेले अडगळीत. कोणाची काच फुटलेली, कोणाचं भिंग बाहेर येऊन जे अडकलं ते अडकलंच — जीभ बाहेर काढून बसल्यासारखं. भंगारवाला पोत्याने आणून टाकतो. पण मधे एक काळ होता, ह्या खिशातल्या कॅमेऱ्यांत जीपीएस घालायची टूम निघाली होती — फोटो कुठे काढला ते फोटोलाच कळावं म्हणून. माणूस सहलीला जाऊन येतो, कुठे गेलो होतो ते त्याला आठवत नाही, कॅमेऱ्याला आठवतं! आणि कॅमेरा मेला तरी हा आतला तुकडा — हा बघा, नखापेक्षा जरासा मोठा — हा धडधाकट. गरम हवा देऊन जपून सोडवायचा, नव्या वायरी लावायच्या, ड्रोनच्या पाठीवर बसवायचा. लोक दुकानातून कोरा आणतात. आमचा वापरलेला, पण जग बघितलेला. — हसलात? हसा, हसायला काही हरकत नाही.

हात? हाताला काय झालं? थंडी आहे हो. — तुम्हाला घाम आलाय तो तुमचा प्रश्न, मला थंडी वाजते. आणि चहावाला कप काठोकाठ भरतो, मग सांडणार नाही तर काय होईल? दोन हातांनी कप धरणं ही चांगली सवय आहे, लहान मुलांना आपण शिकवतोच की. तर — काय सांगत होतो — सोमवारी.

रविवारी मैदानावर ड्रोन उडवायचाय, सगळे जमणार आहेत, कळलं. सगळ्यांचं तेच असतं. घाई! ह्या घाईपायी माझा ड्रोन गेला होता, ठाऊक आहे? माझा स्वतःचा. ऐका, तुमच्याही उपयोगाची गोष्ट आहे. हा जो तुकडा आहे ना, ह्याला एक खोड असते. ह्याच्या पोटात एक इवलासा सेल असतो, त्याच्यावर हा शेवटची जागा लक्षात ठेवतो. तुम्ही चालू केलात की डोळे चोळत उठतो आणि पहिल्यांदा तीच जुनी जागा सांगतो — मी इथे आहे म्हणून! मग जरा वेळाने आकाशातले उपग्रह सापडतात, आणि मग त्याला कळतं, अरेच्चा, आपण तर भलतीकडेच आलो. तोवर थांबायचं असतं. थांबायचं, म्हणजे थांबायचं. कारण ड्रोन जमिनीवरून उठताना जिथे असतो ती जागा आपलं घर म्हणून टिपून घेतो, आणि रिमोटचा संबंध तुटला की सरळ घरी परततो. आता त्याने घर म्हणून ती जुनीच जागा टिपली असेल, तर? बरोबर. तुम्ही शहाणे आहात. पण मी दीडशहाणा. मी माझ्या ड्रोनला सांगूनच ठेवलं होतं — थांबू नकोस, जे सांगेल ते घर मान. दुनियेला शिकवायचं थांबा म्हणून, आणि आपण? आपण उस्ताद पडलो ना!

तुकडा कोणाचा होता? — आमच्याच घरातला. बायकोचा कॅमेरा. तिच्या हातून पडला, भिंग अडकलं, तिने आणून ह्या गल्ल्यावर ठेवला, म्हणाली, "बघा काही उपयोगाचं निघतं का." मी म्हटलं, बघतो. एरवी मी विचारलं असतं — हिला कॅमेरा लागतो कशाला? ना फुलांचे फोटो, ना नातवंडांचे. पण मला तो आतला तुकडा दिसत होता. उघडला, काढला, माझ्या ड्रोनवर बसवला, रविवारी सकाळी गच्चीवरून उडवला. ही नेहमीप्रमाणे बहिणीकडे गेलेली. दर रविवारी जाते, बाजारपेठेच्या पलीकडे राहते आमची मेव्हणी, म्हणजे ह्या हाताला. आणि ड्रोन वर गेला, पाण्याच्या टाकीआड गेला, संबंध तुटला — आणि वळला. कुठे? त्या हाताला! कालव्यापलीकडे! बहीण इकडे आणि बायकोचा कॅमेरा तिकडे. आता तुम्हीच सांगा, माणसाच्या मनात काय येईल? — तेच आलं. ह्या वयात, म्हटलं. ह्या वयात! मी चप्पल उलटसुलट घालून धावलो. आणि खरं सांगू? ड्रोनची काळजी नव्हती मला.

कालव्यापलीकडे एक जुनी चाळ आहे, वर शिंपीणबाई राहतात. हिच्या शाळेतली मैत्रीण. त्यांच्या खोलीबाहेर गच्ची, गच्चीत दोऱ्यांवर कपडे, आणि कपड्यांत अडकून माझा ड्रोन, पंख्यात लाल दोरा गुंडाळलेला. तो उचलायला वाकलो तर खिडकी. आत ही. माझ्याकडे पाठ. उजेडाला टेबल, आणि डोक्याला लावलेलं भिंग — माझं भिंग हो! जे हरवलं म्हणून मी एका भल्या गिऱ्हाइकाला चोर ठरवून बसलो होतो! आणि समोर, कापडाच्या चिंध्यांवर ओळीने मांडलेले, पिवळ्या चिकटपट्टीचे, माझ्या हातचे तुकडे. शनिवारी मी बांधून ठेवलेले, सोमवारी गिऱ्हाइकांना द्यायचे. ती एकेकाची पट्टी सोडवत होती, माझा जोड गरम करून काढून टाकत होती, आणि पुन्हा लावत होती. नीट. असा जोड की — जाऊ द्या, एकेकाळी माझा तसा यायचा. शेजारी सुट्टे फोटो पडलेले, जोडांचेच, मोठे करून छापलेले. डोळे तिचेही काही विशीतले नाहीत. म्हणून कॅमेरा. फोटो काढायचा, मोठा करून बघायचा, मग हात लावायचा. घरी करायची सोय नाही, सोल्डरच्या धुराचा वास मला झोपेतसुद्धा कळतो. म्हणून बहिणीचं निमित्त.

आत कशाला जाईन? जाऊन काय म्हणणार? — शिंपीणबाईंनी मला पाहिलं, मशीन थांबलं, आणि लगेच दुप्पट जोरात सुरू झालं. मी ड्रोन बगलेत मारला आणि आलो परत. पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. माझ्या कामावर हात फिरवते! माझ्या! अख्ख्या गावात — मी म्हणजे — गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्या हातचं एकदा घेतलं की परत यायला नको. मीही छाती फुगवून ऐकायचो. परत येत नव्हती ती कशी येत नव्हती, ते त्या दिवशी कळलं. मग राग उतरला आणि भीती वाटली. हिने उद्या म्हटलं, पुरे झालं, तर? मला हे एकच काम येतं. आणि आता तेही — ठीक आहे, थंडी नाही. झालं समाधान? बऱ्याच दिवसांपासून आहे. सकाळी जरा कमी असतं.

तिला सांगितलं? छे! संध्याकाळी तिने विचारलं, "मिळाला का ड्रोन?" गेला होता हे मी सांगितलंही नव्हतं! मी म्हटलं, कालव्यात पडला होता, काढला. कालव्यात पडलेला ड्रोन, टेबलावर कोरडा ठणठणीत! तिने उचलला, पंख्यातला लाल दोरा हळूच उलगडला, गोळी केली, केराच्या डब्यात टाकली. "बरं झालं सापडला," म्हणाली. बस्स. मी विचारलं तर मला कबूल करावं लागेल, तिने सांगितलं तर तिला, म्हणून दोघेही गप्प, झाकली मूठ. मी शनिवारी माझ्या परीने जोडतो, ती रविवारी बहिणीकडे जाते, तुम्ही सोमवारी या. आता कळला वार? — का सांगितलं तुम्हाला? तुम्ही परगावचे, सोमवारनंतर पुन्हा दिसायचे नाही, आणि प्रश्न फार विचारता.

पण आता घोळ झालाय. शिंपीणबाई खोली सोडतायत, लेकीकडे राहायला चालल्या. दारावर पाटी लागलीय. मी त्या रस्त्याने जातो कधीमधी, जवळ पडतं. — नाही पडत. तर ती खोली गेली म्हणजे हिची खिडकी गेली. म्हणून हे टेबल. हो, हेच. खिडकीपाशी सरकवलं, रंध्याने साफ केलं, दिवा आणला — त्याच्यावरचा वेष्टनाचा कागद काढला नाही अजून, काढला तर ती म्हणेल, हा कोणासाठी? मी म्हटलंय की माल ठेवायला केलंय. ती रोज येते, टेबलाकडे बघते, माल ठेवत नाही तेही बघते. रोज ठरवतो, आज म्हणेन, तू बस गं इथे. चार शब्द आहेत. दुनियेला दिवसभर डोकं खाईपर्यंत बोलतो मी, तुम्हीच साक्षीदार, पण हे चार शब्द —

आली. गप्प. — ये गं. काही नाही, गिऱ्हाईक आहे. दहा मिनिटांचं काम, मी म्हणत होतो आत्ताच देतो, ह्यांनाच घाई नाही. सोमवारी येतील म्हणतात. हो ना हो? — अगं, पिशवी तिथे नको... नाही, ठेव. ठेव तिथेच. तुकडा? हा काय. ह्यांचाच. अगं पण तू कशाला — बरं. चार वायरी आहेत. तुला माहीत आहे. हो, हो, तुला माहीत आहे.

दिव्याचा कागद मी काढतो... बरं, काढ तूच.

अरे वा. भिंग सापडलं का? कुठे होतं? — बहिणीकडे. असं होय. तरीच.

बसा हो, उठताय कशाला, सोमवार कसला घेऊन बसलात, काम तर सुरू झालं. फक्त आता काही विचारू नका. जोड देताना कोणी बोललेलं तिला खपत नाही.

मी? मीही गप्पच बसतो.