धुतलेले दगड

“चार दिवसांपासून ही पोरगी माह्यावर फुगून बसली आहे!” शेजारच्या बाकावरची बाई साऱ्या स्टँडला ऐकवत होती. नरखेडच्या एसटीची वाट पाहणाऱ्या मनकर्णाबाईंनी कान टवकारले.

“मग माझे कॉलेजच्या अभ्यासाचे दगड काहून धुतले, आई?”

“चिखल होता वं!”

“डोंगरातून तोडायच्या आधी प्रत्येकावर उत्तरेचा बाण काढला होता. डोंगर कोणत्या बाजूच्या दाबानं दुमडला, ते त्या बाणावरूनच कळतं.”

“मले वाटलं, तुह्या लहान्या भावानं, गोलूनं रेघोट्या मारल्या. घासून घासून हात दुखले.”

“आता पुन्हा डोंगर चढा!”

मनकर्णाबाईंना राहवेना.

“पोरी, कोटी वर्सं थांबलेला डोंगर आणखी आठ दिवस थांबन. पण यावेळी मायले सोबत ने. चढता चढता दम लागला म्हणजे तिले धुवाचं सुचनार नाही.”